आलेख न बघता संख्याशास्त्र

प्रश्न : माझी भाची जन्मापासून अंध आहे. यंदा कला शाखेतून बारावी झाली. चेन्नईच्या आयआयटीची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी घ्यायची, असं तिने मनाशी पक्कं केलंय. त्यात संख्याशास्त्राचे दोन विषय आहेत. घरातले सगळे म्हणतात, आलेखांवर चालणारं शास्त्र हिला कसं जमणार? त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. मी तिची बाजू घेतली खरी, पण माझ्याकडेही उत्तर नाही. अंध मुलीला घरबसल्या संख्याशास्त्र शिकता येतं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : येतं. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात जोनाथन गॉडफ्रे यांनी अनेक वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे. ते पूर्ण अंध आहेत. 2013 साली ‘द आर जर्नल’मध्ये त्यांनी एक लेख लिहिला आणि संख्याशास्त्राची नेहमीची सॉफ्टवेअर अंध माणसाच्या हाती कितपत चालतात, हे त्यात तपासलं. त्यांचा कौल ‘आर’ या मोफत प्रणालीला मिळाला. कारण अगदी साधं आहे. ‘आर’मध्ये आज्ञा टाइप करायची आणि उत्तर मजकूर म्हणून मिळवायचं. मजकूर असला की स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो वाचतो. माउसने कुठल्या चौकटीत जाऊन टिचकी मारायची गरज पडत नाही.

घरच्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की संख्याशास्त्र हे संख्यांचं शास्त्र आहे. चित्र नंतर येतं, डोळस माणसाला संख्यांचा ढीग एका नजरेत कळावा म्हणून. चेन्नईच्या त्या अभ्यासक्रमात पहिल्या पायरीवरच संख्याशास्त्राचे दोन भाग आहेत. पहिला प्रा. उषा मोहन शिकवतात, दुसरा प्रा. अँड्र्यू थंगराज. पहिल्यात सरासरी, मध्यक, चतुर्थक, दोन गोष्टींमधला सहसंबंध, संभाव्यता. दुसऱ्यात नमुन्यावरून अंदाज बांधणं आणि गृहीतकं तपासणं. यातलं बहुतेक सगळं आकडेमोडीचं आणि तर्काचं काम आहे. बॉक्स प्लॉट नावाचा आलेख घ्या. जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. तो काढायला मुळात पाच आकडे लागतात : सर्वांत लहान, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक, सर्वांत मोठा. हे पाच आकडे कानावर पडले की भाचीपाशी तो आलेख आलाच.

पण घरच्यांच्या शंकेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फ्रान्सिस अँस्कम यांनी 1973 साली आकड्यांचे चार छोटे संच प्रसिद्ध केले. चारही संचांत क्षची सरासरी 9, यची सरासरी 7.5, सहसंबंध सुमारे 0.816. कागदावरचे निष्कर्ष चौघांचे सारखे. आलेख काढले की मात्र एक संच सरळ रेषेभोवती पसरलेला, दुसरा कमानीसारखा वाकलेला, तिसऱ्यात एकच बिंदू रेषेपासून दूर उडालेला आणि चौथ्यात एका बिंदूने सगळा सहसंबंध तोलून धरलेला. म्हणजे सारांशाचे आकडे पुरत नाहीत, आकार कळावा लागतो. अंध विद्यार्थ्याला ‘तुला आलेख सोडून दिला तरी चालेल’ असं म्हणणारा शिक्षक त्याच्यापासून विषयाचा गाभाच काढून घेतो. तिला आकार कळायलाच हवा. तो डोळ्यांऐवजी बोटांतून किंवा कानांतून कळेल.

त्याचे मार्ग आहेत. गॉडफ्रे यांनी ‘आर’साठी ‘ब्रेलआर’ नावाचा संच लिहिला. त्यातली एक आज्ञा आयतालेखाचं वर्णन मजकुरात देते : एकूण नोंदी किती, स्तंभ किती, प्रत्येक स्तंभात किती नोंदी. तो मजकूर ऐकला की गठ्ठा डावीकडे आहे की उजवीकडे, शेपूट लांब आहे का, हे मनात उभं राहतं. उष्णतेने फुगणाऱ्या खास कागदावर आलेख छापून तो बोटांनी वाचता येतो. दिल्लीच्या आयआयटीतून उभं राहिलेलं रेझ्ड लाइन्स फाउंडेशन पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या अशा उठावदार करून देतं. डेस्मॉस या मोफत गणकावर वक्राचा चढउतार आवाजाच्या चढउतारात ऐकता येतो. घरच्या घरी जाड पुठ्ठा, टाचण्या आणि दोरा घेऊन स्कॅटर प्लॉट लावता येतो. एका संध्याकाळी भाचीबरोबर अँस्कमचे चारही संच लावून बघा. तिच्या बोटांना फरक कळेल आणि घरच्यांनाही.

खरी अडचण आलेखांपेक्षा सूत्रांची आहे, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. एक उदाहरण देतो. वर्गाची सरासरी 50, प्रमाण विचलन 10 आणि मुलीचे गुण 65. सरासरीपासून ती किती विचलनं पुढे आहे? सूत्र वाचून दाखवलं जातं ते असं : ‘एक्स वजा म्यू भागिले सिग्मा’. आधी वजाबाकी केली तर उत्तर दीड. आधी भागाकार केला तर 60. डोळस मुलाला आडवी रेघ दिसते, त्यामुळे तो चुकत नाही. ऐकणाऱ्या मुलीला रेघ कुठून कुठपर्यंत आहे हे कोण सांगणार? त्यात संख्याशास्त्राची स्वतःची भर आहे. अक्षरावर डोक्याशी आडवी रेघ किंवा छोटी टोपी आली की अर्थ बदलतो. नुसता ‘पी’ म्हणजे साऱ्या लोकसंख्येतलं प्रमाण, जे बहुधा कुणालाच माहीत नसतं. टोपीवाला ‘पी’ म्हणजे नमुन्यावरून काढलेला त्याचा अंदाज. अभ्यासक्रमातला संख्याशास्त्राचा दुसरा भाग मुख्यतः या दोघांमधल्या अंतरावर उभा आहे. स्क्रीन रीडरने टोपी गिळली तर धडाच गेला. आणि सूत्र फोटोसारखं चिकटवलेलं असेल तर तो नुसता ‘चित्र’ म्हणून पुढे जातो.

हा प्रश्न ज्याने मुळापासून हाताळला तो पुण्याचा मुलगा होता. टी. व्ही. रामन यांचा जन्म 1965 साली पुण्यात झाला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरी त्यांनी नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणित केलं, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकले आणि कॉर्नेल विद्यापीठातून 1994 साली पीएचडी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हाच होता : गणिताचा मजकूर संगणकाने बोलून दाखवावा कसा. त्यांच्या ‘एस्टर’ प्रणालीत घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत जाई, खालचं चिन्ह आलं की उतरे. कंस आणि रेघा शब्दांत सांगण्याऐवजी आवाजातच दाखवण्याची ही कल्पना. त्या प्रबंधाला संगणकशास्त्रातल्या अमेरिकेच्या एसीएम संस्थेचं पारितोषिक मिळालं. गणित करणारं अंध मूल घरात असेल तर ही गोष्ट त्याला जरूर सांगावी.

आज भाचीला लागणारी साधनं विकत घ्यावी लागत नाहीत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि मराठी आवाजातही बोलतो. भारतीय भाषांचे संगणकी आवाज घडवण्याचं मोठं काम चेन्नईच्या आयआयटीतच प्रा. हेमा मूर्ती यांच्या गटाने इतर संस्थांच्या साथीने केलं आणि ते एनव्हीडीएला जोडलंही. ‘मॅथकॅट’ हे मोफत जोडसाधन सूत्रं वाचून दाखवतं, ब्रेलमध्येही उतरवतं. अट एकच : सूत्र पानावर सूत्र म्हणून लिहिलेलं हवं, चित्र म्हणून नको. तसं नसेल तर शिक्षकांकडे टिपणाची मूळ लेटेक फाइल मागावी. लेटेकमध्ये रेघ आणि टोपी शब्दांनीच लिहिलेली असते, भागाकारात वर काय आणि खाली काय हे वेगवेगळ्या कंसांत असतं. ही लिहिण्याची पद्धत आठवड्याभरात वाचायला शिकता येते. ही मागणी करताना संकोच मुळीच नको.

आता प्रवेशाचं. हा अभ्यासक्रम 30 जून 2020 रोजी जाहीर झाला. जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास घरून करायचा आणि मग पात्रता परीक्षा द्यायची. पात्रतेच्या गुणांत आणि शुल्कात दिव्यांगांना सवलत आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण दहावीला गणित असावं लागतं. इथे महाराष्ट्रातल्या मुलांचं घोडं अडतं. आपल्याकडे अंध आणि अध्ययन-अक्षम मुलांना दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची मुभा वर्षानुवर्षं मिळत आली. मुलांवरचं ओझं हलकं व्हावं, हा हेतू चांगला. परिणाम असा की टेलर फ्रेमवर, म्हणजे अंधांच्या गणिताच्या पाटीवर, झरझर हिशेब करणाऱ्या हुशार मुलींना पंधराव्या वर्षीच गणिताचं दार बंद झालं, आणि ते बंद झाल्याचं त्यांना अठराव्या वर्षी कळलं. शिकवायला उठावदार आकृत्या नाहीत, प्रशिक्षित शिक्षक नाहीत, म्हणून विषयच काढून टाकायचा हे मला मान्य नाही. भाचीची दहावीची गुणपत्रिका आजच काढा. त्यावर कुठलं गणित आहे ते बघा आणि अर्ज भरण्याआधी संस्थेला लेखी विचारा.

‘घरबसल्या’ हा शब्दही अर्धाच खरा आहे. व्हिडिओ आणि दर आठवड्याचे स्वाध्याय घरी, पण मधल्या चाचण्या आणि सत्रान्त परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्याव्या लागतात. घरचा संगणक तिच्या सवयीचा आहे, केंद्रावरचा परका. म्हणून आधीच लेखी विचारायचं : केंद्रावरच्या संगणकात एनव्हीडीए असेल का, त्यावर सूत्रं वाचली जातील का, आलेखाच्या प्रश्नाला मजकुरी वर्णन किंवा पर्यायी प्रश्न मिळेल का, लेखनिक आणायचा तर नियम काय. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. जिथे गणकयंत्राला परवानगी आहे तिथे बोलकं गणकयंत्र चालतं. टेलर फ्रेम, ब्रेल पाटी, अबॅकस नेता येतं.

लेखनिकाबद्दल मात्र सावध राहा. त्याच सूचनांप्रमाणे लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी असावं लागतं. कॉपी होऊ नये म्हणून हा नियम, आणि इतिहासाच्या पेपरला तो चालून जातो. संख्याशास्त्राच्या पेपरला मात्र ज्याने सिग्मा कधी पाहिलाच नाही तो समोरचं चिन्ह ‘उलटा एम’ किंवा ‘आडवा एम’ असं काहीतरी वाचतो. त्यामुळे लेखनिक ठरला की परीक्षेआधी त्याला ग्रीक अक्षरं, टोपी, रेघ, वरचं-खालचं चिन्ह यांची नावं शिकवायची आणि सूत्र कुठल्या क्रमाने वाचायचं हे दोघांनी ठरवून घ्यायचं. हा सराव विषयाच्या अभ्यासाइतकाच महत्त्वाचा माना. जमलं तर लेखनिकाऐवजी स्क्रीन रीडरच मागा. तिचा पेपर तिने स्वतः वाचावा.

विचारणा लेखीच करा, असं मी दोनदा लिहिलं त्याला कारण आहे. 2016चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 11 फेब्रुवारी 2021च्या विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी सोय करून देणं हे कर्तव्य आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं : सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. आणि 30 एप्रिल 2025च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला गेला. चेन्नईची संस्था केंद्रीय आहे, त्यामुळे तिथे दाद लागली नाही तर दिल्लीतल्या दिव्यांगजन मुख्य आयुक्तांकडे जाता येतं. तुमचं पत्र आणि त्याला आलेलं उत्तर हाच त्या वेळी पुरावा असतो.

घरच्यांना तिच्यासाठी बँकेची नोकरी हवी आहे, त्यात गैर काहीच नाही. पदवी ऑनलाइन असल्याने भाची दोन्ही करू शकते.


प्रश्न : माझा मुलगा कर्णबधिर आहे, बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलंय. ऑनलाइन व्याख्यानांना सबटायटल असतात, तरी त्याला कळत नाही म्हणतो. मग आळशीपणा म्हणावा का?
— एक आई, नाशिक

उत्तर : नका म्हणू. आपोआप तयार होणारी सबटायटल रोजच्या बोलण्याला बरी असतात, संख्याशास्त्राला नाहीत. पॉसाँ या गणितज्ञाचं नाव यंत्राने ‘पॉयझन’ ऐकलं तर ऐकू येणारा मुलगा मनात दुरुस्ती करतो. तुमच्या मुलापाशी तेवढंच लिहिलेलं असतं. शिवाय शिक्षक बोलतात त्याच क्षणी फळ्यावर सूत्र लिहितात. ऐकणारा मुलगा कानाने वाक्य आणि डोळ्याने सूत्र घेतो. तुमच्या मुलाने खालची ओळ वाचावी की वरचं सूत्र? त्याने व्हिडिओ सारखा थांबवला तर तो बरोबरच करतोय, त्याला दुप्पट वेळ लागणार.

आणखी एक गोष्ट अनेक घरांत लक्षात येत नाही. खुणांच्या भाषेत वाढलेल्या मुलासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा असते, आणि तीही कधीच न ऐकलेली. त्याच्या भाषेत शिकवायचं तर भारतीय सांकेतिक भाषेत विषयाचे शब्द हवेत. भारतीय सांकेतिक भाषा संस्थेचा शब्दकोश 2021 साली 10,000 शब्दांपर्यंत पोचला. संगणकाला या खुणा ओळखायला शिकवण्याचं काम चेन्नईत सुरू आहे. तिथल्या आयआयटीच्या संशोधकांनी अड्यारच्या सेंट लुईस कर्णबधिर शाळेतल्या खुणा जाणणाऱ्यांच्या मदतीने 2020 साली ‘इन्क्लूड’ नावाचा व्हिडिओसंग्रह केला : 263 शब्द, 4,287 व्हिडिओ. ही सुरुवात आहे. प्रमाण विचलन खुणेने शिकवणारं यंत्र त्यातून लगेच निघणार नाही. तोवर व्याख्यानाआधी त्या धड्यातल्या शब्दांची यादी आणि लिखित टिपण त्याच्या हातात असू द्या. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातल्या अनेक व्याख्यानांचा लिखित मजकूर मिळतो, काहींचा मराठीतही. तो आधी वाचून मग व्हिडिओ बघितला तर त्याचं लक्ष सूत्रावर राहतं.

तपासलेली, चूक नसलेली सबटायटल मागणं हा हट्ट नव्हे. अमेरिकेत कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने 2015 साली हार्वर्ड आणि एमआयटीवर याच कारणासाठी खटले भरले. 2019 आणि 2020 साली तडजोडी झाल्या आणि दोन्ही विद्यापीठांनी आपली ऑनलाइन व्याख्यानं नीट सबटायटलसह देण्याचं मान्य केलं.


प्रश्न : मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि तासांचे व्हिडिओ मोफत टाकतो. सुगम्यतेचे निकष वाचले आणि धास्ती बसली. हे सगळं पाळायचं तर व्हिडिओ काढून टाकावेत असं वाटतं.
— एक प्राध्यापक, सोलापूर

उत्तर : काढू नका. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठाने तेच केलं. कर्णबधिरांच्या तक्रारीवरून अमेरिकी न्याय खात्याने 2016 साली विद्यापीठाला दोष दाखवले आणि 2017 साली विद्यापीठाने 20,000हून अधिक मोफत ध्वनिफिती-चित्रफिती सर्वांसाठी बंद केल्या. ज्यांनी तक्रार केली त्यांना काहीच मिळालं नाही, इतरांचंही गेलं. पुढे 2022 साली विद्यापीठाला न्याय खात्याशी करार करून आपली ऑनलाइन सामग्री सुगम्य करण्याचं बंधन स्वीकारावंच लागलं. मधली पाच वर्षं गेली ती विद्यार्थ्यांची.

जुने व्हिडिओ राहू द्या, पुढच्या तासापासून बोलण्याची सवय बदला. ‘हे इथे बघा, हा त्याच्यापेक्षा उंच आहे’ असं म्हणायच्या जागी ‘चाळीस ते पन्नास गुणांचा स्तंभ सर्वांत उंच, त्यात अठरा मुलं’ असं म्हणा. याला पैसा लागत नाही, आणि मागच्या बाकावरच्या डोळस मुलालाही जास्त कळतं. भागाकार वाचताना ‘अंशात एक्स वजा म्यू, छेदात सिग्मा’ असं सांगा. आलेखाचं चित्र द्याल तिथे ज्या आकड्यांवरून तो काढला त्यांची फाइलही शेजारी ठेवा. ज्याला दिसत नाही तो त्या फाइलवर ‘ब्रेलआर’ चालवेल, आणि दिसतं तो विद्यार्थीही स्वतः आलेख काढून बघेल. टिपणं पीडीएफबरोबर लेटेक किंवा वर्डमध्येही द्या. सबटायटलमधले निदान पारिभाषिक शब्द स्वतः तपासा. वर्गातल्याच दोन मुलांना हे काम दिलंत तर त्यांचीही उजळणी होते. आलेखात दोन गट लाल आणि हिरव्या ठिपक्यांनी वेगळे दाखवत असाल तर एक गोल आणि दुसरा त्रिकोणी करा, कारण हे दोन रंग वेगळे न दिसणारी मुलं मोठ्या वर्गात असतातच आणि ती सहसा सांगत नाहीत.